साखरशेतची उडी

संपादकांचं पत्र आलं की तुमच्या मास्तरकीतले चार गमतीचे प्रसंग लिहून द्या. प्रसंग आहेत. पण त्यातला एक गमतीचा नाही, आणि नेमका तोच मला सगळ्यांत नीट आठवतो. तो आधी लिहायला घेतला तर बाकीचे लिहिण्याची इच्छाच उरणार नाही, म्हणून क्रम मी माझ्या सोयीने लावतो आहे.

जव्हारला संस्थान होतं तेव्हाची ही हकिगत. तिथल्या शाळेत मी ड्रिल मास्तर होतो. ड्रिल मास्तर म्हणजे सकाळी मुलांकडून डावा-उजवा करून घेणारा, झेंड्याची दोरी सांभाळणारा आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प बसवणारा माणूस. मास्तरांच्या खोलीत माझी खुर्ची दाराशी होती. कोणी आत आलं की मला उठावं लागे. मग एका वर्षी वरच्यांच्या मनात आलं आणि मला मद्रासकडे व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात धाडलं. तिथे मी बास्केटबॉल पाहिला आणि त्याच्या पुरता नादी लागलो. परत येताना ट्रंकेत एक चामडी चेंडू आणि नियमांचं पुस्तक होतं, आणि डोक्यात भलतीच हवा.

आता शहरगावात हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तेव्हाचा सांगतो, कारण तेव्हाचा निराळा होता. मैदानाच्या दोन टोकांना दहा फूट उंचीवर एकेक लोखंडी कडी, तिला जाळं, आणि पाच-पाच जणांनी समोरच्याच्या कडीतून चेंडू खाली पाडायचा. आमच्याकडे सागाचे दोन खांब जंगलखात्याने दिले. लोहाराने बैलगाडीच्या मोडक्या चाकाची लोखंडी धाव तोडून, ठोकून कड्या केल्या. जाळं म्हणून मासे धरायच्या जाळ्याचे दोन तुकडे बांधले. चेंडूच्या आत फुगा, वर चामडं, आणि तोंडाशी बुटाला असते तशी वादी. नेमका त्या वादीवर आपटला की चेंडू कुठे उडेल याचा नेम नसे. मुलं अनवाणी खेळत. मैदान मुरमाचं होतं आणि पूर्वेकडे हातभर उतरतं, त्यामुळे दुसऱ्या डावात बाजू बदलली की चढ लागायचा. पाहुण्या संघांना आम्ही हे आधी सांगत नसू.

पहिल्या वर्षी खांब उभे राहिले तेव्हा बाजाराला आलेली माणसं थांबून पाहत. एक म्हातारा बराच वेळ मान वर करून उभा होता. शेवटी मला म्हणाला, "मास्तर, टोपलीस बूडच नाय. पडला ता राहील कसा?"

मी त्याला सांगितलं की राहू नये म्हणूनच बूड ठेवलेलं नाही.

"मंग टाकता कशाला?" असं म्हणून तो निघून गेला. त्या रात्री मी नियमांचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

एकदा मोखाड्याला खेळ दाखवायला गेलो. तिथे मैदान म्हणून दिलेली जागा एका बाजूने थेट दरीला लागलेली होती. पाचव्या मिनिटाला चेंडू गेला खाली. खेळाडू गेले, त्यांच्यामागे पाहणारे गेले, आणि मी आणि दोन खांब एवढेच वर राहिलो. अर्ध्या तासाने सगळी मंडळी वर आली ती एका म्हातारीच्या मागून. डोक्यावर लाकडाची मोळी, काखेत आमचा चेंडू. तिने खणखणीत आवाजात विचारलं, "ह्यो कोनाचा? मना मारला कोनी?" चाळीस माणसांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

असे प्रसंग मी लग्नाकार्यांत इतक्या वेळा सांगितले आहेत की आता ते माझे मलाच ऐकीव वाटतात.

मास्तर म्हणून मी कडक होतो. पहाटे मुलांना गावाबाहेरच्या शिरपामाळापर्यंत पळवून आणायचो. चेंडू हातात देण्याआधी महिनाभर नुसत्या उड्या. आणि माझा एक नियम होता, त्याचा मला फार अभिमान होता. मद्रासच्या आमच्या गुरूंकडून तो मी जसाच्या तसा उचलला होता. "सामन्याच्या दिवशी बोलायचं मी, ऐकायचं तुम्ही." त्या दिवशी कोणी कुरकुर करायची नाही, पाय दुखतो म्हणायचं नाही, शंका विचारायची नाही. मुलांचं लक्ष एकवटतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर सामन्याच्या दिवशी घाबरलेला मीच असे, आणि मुलं गप्प असली की मला बरं वाटायचं.

लहानू जव्हारजवळच्या साखरशेत या आदिवासी पाड्यावरचा. वसतिगृहात राहून शिकत होता. मी त्याला पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका मुलाची टोपी कौलांच्या वळचणीला अडकली होती आणि पाच-सहा जण काठी शोधत होते. लहानू आला, जागच्या जागी उडाला आणि टोपी काढून देऊन पाणी भरायला निघून गेला. मी आधी वळचण मोजली, मग त्याला बोलावून त्याला मोजला. उंची बेताची, पाच फूट चार इंच. त्याच्यापेक्षा वीतभर उंच मुलं वर्गात होती, पण वर गेलेला त्याचा हात कोणाच्या बापाला गाठता आला नसता.

या उडीचं मोल कळायला तेव्हाचा एक नियम सांगायला हवा. हल्ली एका संघाने बास्केट केली की चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर आणत, दोन्ही संघांचा एकेक गडी समोरासमोर उभा राही, पंच मध्ये चेंडू उंच फेके आणि जो उडून त्याला आधी हात लावील त्याच्या संघाकडे चेंडू. म्हणजे ज्याच्याकडे उडी त्याच्याकडे सामना. लहानू मध्यावर उभा राहिला की आम्ही चेंडू सोडतच नसू. दोन हिवाळे आम्ही एकही सामना हरलो नाही. मास्तरांच्या खोलीत माझी खुर्ची दारापासून खिडकीपाशी गेली.

लहानूचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. नाशिकच्या एका कॉलेजचे खेळांचे डायरेक्टर माझ्या ओळखीचे झाले होते. त्यांनी लिहिलं, की दसऱ्याच्या सुमारास आमचा संघ घेऊन येतो, तुमच्याशी खेळतो, आणि तुमचा तो उडी मारणारा गडी पसंत पडला तर पुढच्या वर्षी त्याला कॉलेजात घेतो, राहण्याजेवणाची सोय आमच्याकडे. आमच्या भागातल्या पाड्यांवरून तेव्हा कोणी कॉलेजात गेलेलं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

लहानूला सांगितलं तर तो खाली पाहत म्हणाला, "मना नाय जायाचा, मास्तर. शेतीला बापूस एकलाच हाय."

मी त्याला तासभर समजावलं. कॉलेज म्हणजे काय, पुढे नोकरी म्हणजे काय, घराला हातभार कसा लागेल. तो गावी जाऊन आला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "बापूस जा बोलला." एवढंच. मला त्याच्या तोंडावर आनंद दिसला नाही, तो त्याच्या तोंडावर कधीच दिसत नसे. पण माझ्या मनात तेव्हापासून एक किडा राहिला, की याला मनातून जायचं नाही.

आमच्या संघात जव्हार गावातले तीन होते, त्यांत धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा मधू एक, आणि पाड्यांवरचे दोघे, लहानू धरून. आदल्या रात्री सगळे वसतिगृहात गेल्या सालच्या नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खाऊन निजले. सामन्याच्या सकाळी मी फक्त चहा दिला, कारण पुस्तकात तसं होतं. मग मुलांनी मैदानावर पाणी मारलं, दगडी रूळ फिरवला. दुपारच्या जेवणाची व्यवस्था मी स्वतःच्या हातात घेतली होती. भाकरी जड पडते म्हणून बंद. मधूच्या वडिलांनी मुद्दाम वाडा गावाकडून नुकताच आलेला नवा तांदूळ पाठवला होता, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा, पांढरा, वासाचा. तो मऊ शिजवून घेतला. वर काकडीची कोशिंबीर. पळसाच्या पत्रावळी मांडून मी माझ्या हाताने वाढलं, भातावर वरण ओतलं, वर तूप सोडलं.

वाढून पुढे सरकत होतो तेव्हा लहानू म्हणाला, "मास्तर, एक सांगू का?"

"आज नाही," मी म्हणालो. "नियम काय आहे?"

त्याने हात पुन्हा मांडीवर ठेवले.

"पानात एक शीत राहता कामा नये," असं बजावून मी पाहुण्यांची मोटार मोखाड्याकडून आली का ते पाहायला गेलो. परत आलो तेव्हा मुलं उठलेली होती आणि पत्रावळी रीतीप्रमाणे नीट दुमडून ठेवलेल्या होत्या. मला फार समाधान वाटलं.

सामना चार वाजता सुरू झाला. सगळं गाव लोटलं होतं. पंचाने चेंडू फेकला, नाशिकचा उंच गडी उडाला, लहानू उडाला, आणि चेंडू नाशिकला गेला. मला वाटलं पहिलीच वेळ आहे. दुसऱ्यांदा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी तर लहानूचे पाय जमिनीवरून धड सुटलेही नाहीत. दुसरा पाड्यावरचा मुलगाही मागे उभा राहून नुसता धापा टाकत होता. मधू तेवढा जीव तोडून पळत होता. मी बाजूने ओरडून घसा बसवून घेतला. आम्ही चोवीस-नऊ असे हरलो, आणि त्या नवांतले सात गुण मधूचे.

सामना संपल्यावर मी लहानूला खांबाजवळ गाठलं. भोवती मुलं होती, गावातली माणसं होती. मी म्हणालो, "तू मुद्दाम केलंस. नाशिकला जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतंस, संघाचं नाक कशाला कापलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. दिवस अजून मावळला नव्हता आणि नियम माझाच होता.

डायरेक्टर चहाला माझ्या घरी आले. सज्जन माणूस. म्हणाले, "एका सामन्यावरून मी ठरवत नाही. तुम्ही त्याला तीन वर्षं पाहताय. तुम्ही म्हणाल तर घेतो." कपबशी खाली ठेवून मी जे बोललो ते शब्द मला अजून पाठ आहेत. "उडी आहे हो त्याच्यात, पण मन नाही. त्याला नेऊन तुमचा उपयोग व्हायचा नाही. मधूला न्या." त्यांनी वहीत मधूचं नाव लिहून घेतलं. मधूला नाशिक मानवलं नाही, सहा महिन्यांत तो परत येऊन दुकानात बसला. त्याचा यात काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात हिशेब घालत बसलो होतो, पैशांचा नव्हे, कोणत्या क्षणी काय करायला हवं होतं त्याचा. पत्नी आत येऊन म्हणाली, "अहो, तो साखरशेतचा मुलगा आलाय. काही सांगायचंय म्हणतो."

मी म्हणालो, "मी घरी नाही म्हणून सांग."

"असं काय करता? बाहेर ऐकू गेलं असेल त्याला."

"सांग म्हटलं ना."

तिने जाऊन सांगितलं. तो लगेच गेला नाही. ओट्यावर बसून राहिला. मधल्या दाराच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. अर्ध्याएक तासाने उठला. नंतर पाहिलं तर ओट्यावर संघाची चड्डी आणि बनियन धुऊन, घडी घालून ठेवलेली होती. तो वसतिगृह सोडून गावी गेल्याचं दोन दिवसांनी कळलं. शाळेने मला विचारलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली. एका बाजारच्या दिवशी लहानूचा बाप माझ्या ओट्याशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, भांडायला आला. तो म्हणाला, "मास्तर, परवा आमचे घरी नवं हाय. पोऱ्या बोलला, मास्तरांस बोलव."

"नवं म्हणजे?" मी विचारलं.

"नवा भात, नवी नागली कणसरीपुढं ठेवतो, मंग खातो. त्याचे आधी घरातला कोनी नवा दाना तोंडात घालत नाय. काकडी पन नाय. भूक लागली तरी नाय. कणसरी रुसते." तो सहज सांगत होता, शहरातल्या माणसाला सांगावं तसं. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी, एवढं मला माहीत होतं.

माझा जन्म जव्हारातला. आमच्या घरीही दसऱ्याला नव्या कणसांचं तोरण लागतं, पण त्याआधी पंधरा दिवस बाजारातला नवा तांदूळ खाऊन आम्ही मोकळे झालेले असतो. तीन वर्षं ती मुलं माझ्या हाताखाली होती आणि मी त्यांच्या उड्या इंचात मोजून ठेवल्या होत्या. सामने नेहमी हिवाळ्यात होत, तेव्हा घरोघरचं नवं उरकलेलं असे, म्हणून कधी प्रसंग आला नाही, ही सबब मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली आहे. मला त्या दुमडलेल्या पत्रावळी दिसल्या. आदल्या रात्रीच्या भाकरीवर, सकाळभर रूळ ओढून, पाड्यांवरची ती दोन पोरं चार वाजता मैदानात उभी राहिली होती.

मी साखरशेतला गेलो. चालताना दोनदा वाटलं की परत फिरावं. लहानू अंगणात पेंढा रचत होता, मला पाहून हात पुसत पुढे आला, पाया पडला. आत बापाने एक कोरी घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "हीचेवर बसा. पोऱ्यास नाशिकला न्याया आनली होती. पडून होती, कोनी तरी बसाया पायजे." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बसणं सोपं गेलं असतं.

म्हणजे त्याला जायचं होतं. बापाने एकट्याने शेती ओढायची तयारी केली होती, आणि थंडीसाठी घोंगडीही आणली होती.

देवीपुढचं झाल्यावर पहिलं पान मला वाढलं. नवा भात, नागलीची भाकरी, उडदाचं वरण. मी घास घेईपर्यंत घरातलं कोणी जेवायला लागलं नाही. लहानू माझ्या समोर बसला होता. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी तो भात तुम्ही काय केलात?"

"टाकला नाय, मास्तर. पानात बांधला नं मागले उंबराखाली गाईस घातला."

"मला सांगायचं तरी."

"सांगत होतो. तुमी आज नाय बोललात." तो अगदी सरळ म्हणाला. "मना वाटला, खेळ होऊ दे, उद्या सांगू. मंग दुसरे दिवशी आलतो मी तुमचे घरी. बसलो पन. तुमी घरी नव्हतात."

मी मान खाली घातली आणि जेवत राहिलो. सगळं पान संपवलं.

परत आल्यावर मी नाशिकला पत्र लिहिलं, चूक माझी होती असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं की जागा भरली, पुढच्या साली पाहू. पुढच्या साली ते डायरेक्टर बदलून गेले. नवे कोण कुठले, त्यांना लहानूची उडी कोणी दाखवायची? मी साखरशेतला पुन्हा गेलो आणि निदान शाळा तरी पुरी कर म्हणालो. तो म्हणाला, "आथा नको, मास्तर." तोवर त्याचं लग्न ठरलं होतं.

त्यानंतरही मी बरीच वर्षं संघ तयार केले. तो नियम मोडला. सामन्याच्या सकाळी एकेकाला बाजूला घेऊन विचारायचो, काही सांगायचंय का. बहुतेकांना काही सांगायचं नसे. काहींना माझं हे विचारणं म्हातारपणाचं लक्षण वाटे. खाण्यात मात्र मी पुन्हा कधी लुडबुड केली नाही, ज्याने त्याने आपापल्या घरचं खावं असं ठरवून टाकलं. मध्यावरच्या उडीचा नियम पुढे खेळातूनच गेला. आता बास्केट झाली की चेंडू समोरच्यांना मिळतो. लहानूसारख्या गड्याचा आता तेवढा उपयोगही झाला नसता, असं कोणी कोणी मला समजुतीने सांगतं. मी ऐकून घेतो.

लहानू साखरशेतातच आहे. नातवंडं झाली. बाजाराला आला की माझ्या ओट्यावर थोडा टेकतो, नागलीचं पीठ नाही तर काकड्या ठेवून जातो, आणि त्या आधी न चुकता सांगतो, "नवं झाला आमचा, मास्तर. खावा." त्या सामन्याविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ओट्यावर तो नेहमी त्याच जागी बसतो, आणि मला दर वेळी वाटतं की आज सांगावं. मग तो उठतो.

हा अंक निघाला की एक प्रत साखरशेतला पाठवणार आहे. लहानूला वाचता येतं. लहानू, त्या सकाळी मी घरातच होतो.